काळं राहू दे, तांबडं काढ

परवा फोनवर तू म्हणालास, "काका, शस्त्रांच्या कोतच्या मागच्या खोलीत एक पेटारा सापडलाय. एसएलआर रायफलीची मॅगझिनं, थ्री-नॉट-थ्रीची, कार्बाईनची, सगळी एकावर एक टाकलेली. तांबडीलाल झालीत. साहेब म्हणतात, आठ दिवसांत चमकवून दे." त्यातल्या 'चमकवून' या शब्दावर माझी झोप उडाली, म्हणून हे पत्र. फोनवर तू 'हो काका, हो काका' करतोस आणि ठेवून देतोस. कागदावर लिहिलेलं निदान कपाटाला चिकटवता येईल.

चमकवण्याचा धंदा मीही केलेला आहे. सैन्यातल्या ईएमईत आर्मोररचं, म्हणजे शस्त्रदुरुस्तीचं, काम शिकून पहिल्या पोस्टिंगवर गेलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. इन्स्पेक्शन आलं होतं आणि माझ्या वाट्याला दहा मॅगझिनं आली होती, अंगावर बारीक तांबेरा आलेली. आपल्या गव्हावर येतो ना, तसा. बोटाने पुसला तर निघावा एवढाच. मी एमरी पेपर घेतला आणि रात्रभर घासत बसलो. सकाळी दहाच्या दहा मॅगझिनं पूजेच्या तांब्यासारखी लखलखत होती. उस्ताद आले, एक उचललं, उजेडात फिरवलं आणि एवढंच म्हणाले, "याचे कपडे कुठे गेले?" मला कळलं नाही. पावसाळ्याचे दिवस होते. चौथ्या दिवशी ती दहाही मॅगझिनं पहिल्यापेक्षा दुप्पट तांबडी झाली. त्यातली दोन तर फायरिंगला एका वेळी दोन-दोन राउंड पुढे ढकलायला लागली, कारण घासताना मी त्यांचे ओठ झिजवले होते.

ते कपडे म्हणजे मॅगझिनवरचा काळा थर. तो नुसता रंग नसतो. ब्ल्यूइंग केलेलं असेल तर तो लोखंडाचाच काळा ऑक्साइड असतो, म्हणजे एका अर्थाने गंजच, पण शहाणा गंज. तो पोलादाला घट्ट धरून राहतो, फुगत नाही आणि तेल धरून ठेवतो. तांबडा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून फुगतो, पापुद्रा सुटतो, खाली नवं लोखंड उघडं पडतं आणि मग त्याची पाळी येते. तुझं काम तांबड्याला घालवायचं आणि काळ्याला वाचवायचं. साहेबांना चमक हवी असेल तर त्यांना पितळी घंटा दाखव.

आता कामाचं.

पेटाऱ्याला हात लावण्याआधी रजिस्टर काढ. मॅगझिन म्हणजे नुसता पत्र्याचा डबा आहे असं बाहेरच्या माणसाला वाटतं, पण 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच धरलेले आहेत. किती सापडली, कोणत्या जातीची, कशावर काय नंबर, हे दोघांच्या सह्यांनी लिहून घे. साफ करता करता एखादं हरवलं तर गंज राहिला बाजूला, चौकशी तुझी लागेल. आणि गावाकडचा कोणी म्हणाला की माझ्या परवान्याच्या पिस्तुलाचं मॅगझिन पण करून दे, तर हसून नाही म्हण. त्याने ते पुसावं, तेल लावावं, त्याला कोणी अडवत नाही. पण दुरुस्ती करायला परवाना लागतो आणि तो दुकानदाराकडे असतो, तुझ्याकडे नाही. निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा केलेली बारा बोअर बंदूक परत घेताना शेतकरी नळीत बोट घालून बघतो आणि तुझ्याकडे बघतो, तो प्रकार वेगळा. तिथे मान खाली घालून तेलाची चिंधी दे.

दुसरं, प्रत्येक मॅगझिन रिकामं आहे का ते डोळ्याने बघ आणि बोटानेही बघ. जुन्या पेटाऱ्यात राउंड वर ढकलणारा प्लॅटफॉर्म गंजून खालीच अडकलेला असतो आणि त्याच्या वर एखादा राउंड तिरका होऊन बसलेला असतो. वरून बघितलं तर काळोखच दिसतो. असं सापडलं तर ठोकाठोक करू नकोस, बाजूला ठेव, वरिष्ठांना सांग. ज्या टेबलावर टर्पेंटाइन आणि सोडा येणार, त्या खोलीत दारूगोळ्याचा एक दाणा नको.

मग निवड. हे काम धान्य पाखडण्यासारखं सावकाश कर. मॅगझिन हातात घेतलं की बहुतेक जण अंग बघतात. तू आधी ओठ बघ. वरच्या बाजूला आत वळलेल्या ज्या दोन कडा आहेत, त्याच राउंडला धरतात, त्याच सोडतात आणि कोणत्या कोनात सोडायचा तेही त्याच ठरवतात. अंग कितीही विद्रूप असलं तरी चालेल, ओठ वाकलेले, चिरलेले किंवा खड्डे पडून पातळ झालेले असतील तर ते मॅगझिन बाद. भिंग घेऊन ओठ जिथे अंगाला मिळतात त्या कोपऱ्यात बघ, केसासारखी चीर तिथेच पडते. मग मॅगझिन खोलून उजेडाकडे धर. सुईच्या टोकाएवढा प्रकाश आरपार आला तर पत्रा खाल्ला गेलाय. एसएलआरच्या मॅगझिनची पुढची अडकवायची जागा आणि मागची खाच बघ, त्या झिजल्या तर रायफलीत बसल्यावर डोलतं. थ्री-नॉट-थ्रीचं, म्हणजे ली-एनफिल्ड रायफलीचं, मॅगझिन मात्र वेगळ्या पठडीतलं. हा सुटा होणारा डबा जेम्स पॅरिस ली या माणसाने 1879 साली पेटंट करून घेतला आणि ली-एनफिल्डमधला 'ली' तोच. पण प्रत्यक्षात शिपाई तो बदलत बसत नसे, पाच-पाच राउंड धरणाऱ्या पट्टीने, म्हणजे चार्जरने, वरूनच भरत असे. मॅगझिन त्या त्या रायफलीला जुळवून दिलेलं असायचं. म्हणून कोतमध्ये रायफली असतील तर कोणतं कोणाचं याची आधी जुळवाजुळव कर, नाहीतर घरची सून शेजाऱ्याच्या घरात अशी गत होईल.

तीन ढीग होतील. पहिला, नुसती तांबडी धूळ बसलेला. दुसरा, पापुद्रे आलेला. तिसरा, खड्डे आणि भोकं पडलेला. तिसऱ्या ढिगाला हात लावू नकोस. बादचा कागद कर आणि वर पाठव. नव्या आर्मोररची मोठी चूक हीच असते की तो आठ दिवसांतले सहा दिवस तिसऱ्या ढिगावर घालवतो.

खोलताना डोळ्यावर चष्मा. एसएलआरची बॉटम प्लेट खाचेतून सरकते, आणि गंजलेली असली की सरकत नाही, मग माणूस जोर करतो, मग ती एकदम सुटते आणि स्प्रिंग थेट कपाळाकडे येते. प्लेटच्या कडेला तेल सोड, रात्रभर ठेव, सकाळी अंगठ्याने स्प्रिंग दाबून धरत सरकव. थ्री-नॉट-थ्रीला तळाची प्लेट सुटत नाही. प्लॅटफॉर्मचं मागचं टोक दाबलं की पुढचं टोक ओठांतून निसटतं आणि तो वरूनच बाहेर येतो. कार्बाईनच्या चौतीस राउंडच्या वाकड्या मॅगझिनमध्ये प्लॅटफॉर्मला दोन रोलर आहेत, ते फिरतात का बघ. नाहीतर नंतर मॅगझिन आतून स्वच्छ आणि काम मात्र शून्य. प्रत्येक मॅगझिनचे भाग वेगळ्या डब्यात ठेव. स्प्रिंगचं कोणतं टोक वर, कोणतं पुढे, हे खोलतानाच खडूने लिहून ठेव. आठवतं असं वाटतं, पण नाही आठवत.

आता धुणं. जुनं तेल मेणासारखं सुकलेलं असतं आणि त्याच्याखाली गंज लपलेला असतो. रॉकेल आता मिळत नाही म्हणतोस, तर रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन चालेल. दात घासायचा जुना ब्रश, आतल्या कोपऱ्यांसाठी काडीला गुंडाळलेली चिंधी. आम्हाला सफाईची चिंधी चार बाय दोन इंच आणि तेलाची चार बाय दीड असं पाठ करून घेतलेलं. सफाईची घट्ट बसून घासली पाहिजे आणि तेलाची सैल जाऊन तेल सोडत गेली पाहिजे, म्हणून तो अर्धा इंच कमी. मॅगझिनला नळी नसते, तरी हा हिशोब डोक्यात ठेव. धुऊन झालं की गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, मग परत साधं गरम पाणी, मग लगेच उन्हात किंवा पंख्याखाली. धुतल्यानंतर उघड्या हाताने धरू नकोस. हाताच्या घामात मीठ असतं. तुझ्या अंगठ्याचा ठसा आज दिसणार नाही, आठवड्याने तांबड्या रेघांत उमटेल, आणि त्यावरून चौकशी अधिकाऱ्यालाही कळेल की हे कोणी केलं.

पहिल्या ढिगाला एवढ्याने अर्धं भागतं. राहिलेल्या तांबड्यावर शिवणयंत्राचं तेल सोड, दोन-चार तास मुरू दे आणि मग सगळ्यात बारीक स्टील वूल, चार शून्याचं, तेलातच भिजवून हलक्या हाताने फिरव. स्वयंपाकघरातली तारेची घासणी नको, ती ओरखडते. सुकं घासू नको. तेलात घासल्याने तांबडं चिखलासारखं होऊन निघतं आणि काळं जागेवर राहतं. चिंधीने पुसून बघ, परत तेल, परत पुस. चिंधीवरचा रंग तांबडा आहे तोवर चालू ठेव. काळपट दिसू लागला की त्याच क्षणी हात उचल, कारण आता तू कपडे काढायला लागलास.

पापुद्रे असतील तर खरवडायला पितळ वापर. पितळ पोलादापेक्षा मऊ आहे, गंज निघतो आणि पोलादाला रेघ उठत नाही. जुने आर्मोरर फायर झालेलं काडतुसाचं खोकं ठोकून चपटं करायचे आणि त्याच्या कडेने खरवडायचे. ते तू करू नकोस. खोक्यांचा हिशोब राउंडएवढाच कडक असतो, परत जमा करावी लागतात, आणि एक कमी पडलं की तू गंज खरवडत होतास हे कोणाला पटणार नाही. मी पार्सलमधून जुन्या कुलपाची पितळी पट्टी पाठवतोय, तिची एक कड तिरकी घासून दिली आहे.

घरगुती इलाजांबद्दल दोन शब्द, कारण तुझी आई नक्की चिंच सुचवेल. चिंचेतल्या आंबटाने गंज सुटतो, खोटं नाही. पण आपल्याकडे वर्षाची चिंच मीठ लावून साठवतात. ते मीठ पत्र्याच्या जोडात शिरलं की धुऊन निघत नाही आणि आतून खात राहतं. विटेची पूड, रांगोळी, राख ही तांब्या-पितळेची भांडी घासायला, इथे नको. खोबरेल तर मुळीच लावू नकोस. देवळालीच्या थंडीत मी बघितलंय, एकाने मॅगझिनला खोबरेल लावलं आणि सकाळी प्लॅटफॉर्म तुपात बसल्यासारखा घट्ट. शेंगदाण्याचं, जवसाचं तेल हवेत राहून चिकट होतं. जवसाचं तेल रायफलीच्या लाकडाला गुणाचं, लोखंडाला नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. उकळणं.

दुसऱ्या ढिगातली ज्यांचं काळं अर्धं शिल्लक आहे आणि अर्ध्यावर गंज बसलाय, अशी मॅगझिनं घे. त्यांतून गंज काढून टाकायचा म्हटलं तर ठिकठिकाणी पांढरं लोखंड उघडं पडेल. त्यापेक्षा गंजालाच कामाला लाव. तांबडा गंज बराच वेळ उकळत्या पाण्यात राहिला की तो काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो. पूर्वीचे बंदूक बनवणारे असंच ब्ल्यूइंग करायचे. नळीला मुद्दाम गंज चढवायचे, उकळायचे, सुटी काजळी झाडायचे, परत गंज चढवायचे, असं पाच-सहा वेळा. तुझ्या बाबतीत गंज चढवायचं काम पेटाऱ्याने आधीच करून ठेवलंय.

स्टीलचं पातेलं घे, कोतच्या कामालाच ठेवायचं, परत स्वयंपाकात जाणार नाही असं. पाणी बॅटरीचं, डिस्टिल्ड. नळाच्या पाण्यातल्या क्षाराने डाग पडतात. मॅगझिनची नुसती अंगं आणि बॉटम प्लेटा घालायच्या, तारेने लटकवून, तळाला न टेकवता. तेलाचा अंशही अंगावर नको. जिथे तेल असेल तिथे पाणी पोचत नाही आणि तेवढाच ठिपका तांबडा राहतो. पाणी खळखळ उकळू लागलं की वीस मिनिटं धर. पाचव्या-सातव्या मिनिटाला बघ, तांबडं तपकिरी होतं, मग चॉकलेटी, मग काजळासारखं काळं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी उस्तादांना हाक मारून आणलं होतं, जणू मीच शोध लावला. बाहेर काढलं की गरमपणामुळे स्वतःच सुकतं. मग तेच चार शून्याचं स्टील वूल, या वेळी तेल न लावता, अगदी पिसासारखं फिरव. वर मखमलीसारखी सुटी काजळी असते ती निघते आणि खाली घट्ट काळं राहतं. त्यासाठीचं स्टील वूल आधी टर्पेंटाइनमध्ये धुऊन सुकवून ठेव, कारण नव्या वूललाही गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं. कुठे तांबडं राहिलं असेल तर परत उकळ. तीन फेऱ्यांत होतं. जाड पापुद्रा असेल तर तो आतपर्यंत बदलत नाही, वरवर काळा होतो आणि खाली तांबडा राहून फसवतो. म्हणून पितळी पट्टी आधी, पातेलं नंतर. शेवटी अंग कोमट असतानाच तेल लाव आणि रात्रभर ठेव. सकाळी जो रंग दिसेल तो दुकानात मिळत नाही.

यात दोन तास जातात आणि एका पातेल्यात सहा-सात मॅगझिनं मावतात, म्हणजे साहेबांचे आठ दिवस पुष्कळ झाले.

जिथे काळं उरलेलंच नाही, अंगभर पापुद्रे आहेत पण पत्रा धड आहे, तिथे बॅटरी चार्जर काढ. प्लास्टिकची बादली, पाच लिटर पाण्याला धुण्याच्या सोड्याचे दोन मोठे चमचे. खायचं मीठ नाही, सोडा. चार्जरची ऋण तार मॅगझिनला, धन तार साध्या लोखंडाच्या भंगार पट्टीला. उलटं जोडलंस तर मॅगझिनच विरघळायला लागेल. भंगार म्हणून स्टेनलेसचा चमचा वापरू नकोस. त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी. एकमेकांना टेकू देऊ नकोस. बुडबुडे येतात तो हायड्रोजन, त्यामुळे खोलीची खिडकी उघडी आणि विडीवाला बाहेर. पट्टीच्या समोर जी बाजू असेल तीच साफ होते, म्हणून दर तासाला मॅगझिन फिरव. वर काळा गाळ बसलेला निघेल, तो ब्रशने धुऊन टाक. जुना रंगही या पाण्यात सुटतो.

लिंबूसत्त्वाचं पाणीही चालतं, लिटरला पन्नास ग्रॅम, दोन-तीन तास, दर अर्ध्या तासाने बघत. पण आम्ल तांबडं-काळं असा भेद करत नाही, फॉस्फेटचा थरही खातं, ब्ल्यूइंगही खातं. सगळं नव्यानेच करायचं ठरलं असेल तरच. बाहेर काढून खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडव, मग गरम पाणी, मग ताबडतोब सुकव आणि तेल लाव. मध्ये चहाला गेलास तर परत येईपर्यंत पिवळसर तांबूस झळ चढलेली असेल.

स्प्रिंग मात्र यांपैकी कशातही घालायची नाही. आम्लातही नाही, चार्जरलाही नाही. कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतं, वरून चांगलं दिसतं आणि एक दिवस मधोमध तुटतं. स्प्रिंगला फक्त तेल आणि चिंधी. खड्डे पडले असतील तर बदल. नव्या स्प्रिंगशेजारी उभी करून उंची बघ. बुटकी झाली असेल तर बदल. ताणून लांब करायची नाही. ताणलेली स्प्रिंग दोन दिवस उंच राहते आणि तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा बुटकी होते. ओठांवर एमरी नाही, फाईल नाही, पकड नाही. आणि कुठल्याही भागावर ब्लो लॅम्प नाही, त्याने पोलादाचं पाणी उतरतं.

आता नवे कपडे. बादलीतून निघालेली मॅगझिनं उघडी आहेत. खरं काम फॉस्फेटचं, म्हणजे पार्करायझिंग. फॉस्फोरिक आम्लात मॅंगनीज किंवा जस्त घालून उकळीच्या जरा खालच्या तापमानाला भाग बुडवून ठेवतात, अंगावर करडा खरबरीत थर चढतो. इंग्लंडात कॉस्लेटने याचं पेटंट 1906 साली घेतलं होतं. तो थर स्वतः गंज अडवत नाही बरं का. त्याची छिद्रं तेल पितात आणि ते तेल अडवतं. ब्रिटिश तर एसएलआर आणि स्टर्लिंग कार्बाईनच्या फॉस्फेटवर भाजलेला काळा रंगही चढवायचे. ही टाकी तुझ्या कोतमध्ये नाही, तर वर्कशॉपला पाठव. कॉस्टिकचं गरम ब्ल्यूइंगही वर्कशॉपचंच. त्या उकळत्या कॉस्टिकमध्ये ओला भाग घातला तर ते उसळून तोंडावर येतं. मी एकाचा हात बघितलाय, वर्णन करत नाही.

वर्कशॉपची वाट बघायला वेळ नसेल तर रंगाच्या दुकानातलं फॉस्फोरिक आम्लाचं गंज काढायचं द्रावण बाहेरून पुस, करडी झाक आली की धुऊन सुकव, आणि काळ्या रंगाचे दोन पातळ हात मार. पातळ म्हणजे पहिल्या हातानंतर खालचं करडं दिसलं पाहिजे. जाड रंगाने मॅगझिन रायफलीत बसत नाही, किंवा बसतं आणि निघत नाही, आणि निघालं तर रंग आत सोडून येतं. ओठ, खाच, पुढची अडकवायची जागा यांना आधी चिकटपट्टी लाव. आत रंगाचा थेंबही नको.

बाटलीतलं कोल्ड ब्ल्यू ओरखड्यावर लावायला ठीक आहे, पण त्यात सेलेनियमचं विषारी संयुग असतं, हातमोजे घाल. आणि त्याच्या भरवशावर पावसाळा काढू नकोस.

आत काय लावायचं? जवळजवळ काहीच नाही. तेलाचा हात फिरवायचा आणि मग कोरड्या चिंधीने तो जवळजवळ पुसून काढायचा. आत तेल राहिलं की धूळ धरतं, धुळीचं लेपण होतं, प्लॅटफॉर्म आळसावतो, आणि तेल राउंडच्या कॅपपर्यंत गेलं तर राउंडच दगा देतो. राजस्थानात सराव होता तेव्हा तेलात न्हालेली मॅगझिनं सगळ्यात आधी अडायची.

जोडून झाल्यावर प्लॅटफॉर्म बोटाने तळापर्यंत दाब आणि सोड. एका दमात वर आला पाहिजे. मग तिरका दाब, आधी पुढून, मग मागून. मग ड्रिल राउंड, म्हणजे बिनदारूचे, घाल, एसएलआरला पूर्ण वीस, आणि एकेक करून अंगठ्याने काढ. शेवटचे तीन राउंड पहिल्या तीनइतक्याच आनंदाने वर आले पाहिजेत. थ्री-नॉट-थ्रीमध्ये भरताना वरच्या राउंडची कड खालच्या राउंडच्या कडेच्या पुढे आहे का बघ. उलटी बसली तर ते मॅगझिन अडणारच, आणि तू बिचाऱ्या स्प्रिंगला बोल लावशील. जे मॅगझिन एकदाही अडलं त्याच्या तळावर खडूने फुली मार. एकदा अडलेलं 'आता बरं झालं' म्हणून परत ढिगात टाकायचं नाही.

ठेवण्याबद्दल. तुझी पोस्टिंग समुद्राच्या बाजूला, तिथल्या वाऱ्यालाच मीठ आहे. भिजलेल्या कॅनव्हासच्या पाऊचमध्ये मॅगझिन ठेवणं म्हणजे त्याला ओल्या धडप्यात गुंडाळणं. चामड्याच्या पाऊचमध्येही नाही. वर्तमानपत्रात नाही, कागद ओल ओढतो. रोजच्या वापराची असतील तर तेलाचा पातळ हात आणि हवा लागेल अशी फळी, भिंतीपासून चार बोटं लांब. वर्षभर लागणार नसतील तर आम्ही मिनरल जेली लावून बंद पेटीत ठेवायचो, सोबत सिलिकाचे निळे दाणे. दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद भाजून परत निळे करायचे. ठेवताना रिकामी, आडवी, एकमेकांवर न रचता. जून लागायच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा सगळी काढून पुसायची. दसऱ्याला शस्त्रपूजा कराल तेव्हा हळदकुंकू मॅगझिनच्या अंगावर नको, ओलं तर नकोच. समोर ठेवलेल्या सुपारीला वाहा. मी हे सांगितलं तेव्हा आमच्या कंपनीतल्या पंडितजींनीही मान डोलावली होती.

इन्सास रायफलीचं प्लास्टिकचं मॅगझिन गंजत नाही म्हणून तुझा तो दोस्त हसतो म्हणालास. त्याला विचार, 1999 ला कारगिलच्या थंडीत त्या मॅगझिनांना चिरा गेल्याच्या बातम्या वाचल्या होत्यास का.

पार्सलमध्ये पितळी पट्टी, चार शून्याच्या स्टील वूलचं पाकीट आणि माझा जुना ब्रश आहे. ब्रशच्या दांड्याला तेल लागलेलं आहे, म्हणून काकूने केलेले बेसनाचे लाडू वेगळ्या डब्यात, वेगळ्या पिशवीत बांधलेत. तरी वास घेऊन बघ आणि मगच साहेबांना दे.